तांब्यातलं मँगनीज आणि कागदावरचं गणित

लांजी हा बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, धानाच्या बांध्यांनी वेढलेला तालुका. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा जिल्हा ज्या मध्यप्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढे राजधानी भोपाळला गेली, पण आमगाव-गोंदियाचा बाजार आणि विदर्भातल्या सोयरिकी तशाच राहिल्या. म्हणून इथल्या कित्येक घरांत मराठी, पोवारी आणि हिंदी एकाच ओसरीवर नांदतात.

या जिल्ह्याच्या पोटात दोन धातू आहेत. मलाजखंडला तांबं, भरवेलीला मँगनीज. या दोन धातूंच्या एका मिश्रणातून गेल्या पन्नास वर्षांत जे सैद्धांतिक गणित उभं राहिलं, ते आज तीन अगदी वेगळ्या दिसणाऱ्या क्षेत्रांत वापरलं जातं: मोबाइलचा सिग्नल ओळखणं, क्वांटम पदार्थांचा अभ्यास आणि बाजारातली जोखीम मोजणं. अशा संशोधनाला आपल्यासारख्या देशाने सार्वजनिक पैसा द्यावा का, यावर दोन प्रामाणिक मतं आहेत. ती मी इथे दोघांच्या तोंडी देतो. मामाजी लांजीचे शेतकरी आणि धानाचे अडते. भाची पुण्यात सैद्धांतिक भौतिकशास्त्रात संशोधन करणारी. माणसं नमुन्याची आहेत, त्यांचे मुद्दे मात्र खरे आहेत.

मामाजी: पोरी, मुद्द्याचं बोलू. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने नॅशनल क्वांटम मिशनला 6,003 कोटी 65 लाख रुपये मंजूर केले. इकडे जंगलपट्टीतल्या गावांत फोन लावायचा तर टेकडी चढावी लागते. धान हाताशी आला की तुडतुडा पडतो. बी.एस्सी. झालेली पोरं नागपूर-रायपूरला चौकीदारी करतात. आता तूच सांग, आधी टॉवर उभा करायचा की तुमच्या कागदावरच्या समीकरणांना पैसे द्यायचे?

भाची: टॉवर उभा करायचाच, मामाजी. त्यावर आपलं भांडण नाही. पण टॉवर उभा राहिला की काम झालं, असं तुम्ही धरून चालता, तिथे मी अडते. टॉवरवरून निघालेली लहर झाडांवर, डोंगरावर, घरांच्या पत्र्यांवर आपटत अनेक वाटांनी तुमच्या फोनपर्यंत पोचते. वाटेत दुसऱ्यांच्या लहरी तिच्यात मिसळतात. शिवाय फोनच्या आतले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात आणि त्यातून खरखर निर्माण होते. बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी ती मोजली आणि नायक्विस्ट यांनी 1928 मध्ये तिचं गणित मांडलं. ती खरखर कितीही चांगला फोन घेतला तरी पूर्ण जात नाही. म्हणजे फोनच्या हाती लागते ती सरमिसळ, आणि पलीकडून नेमकं काय पाठवलं होतं ते त्यातून ताडायचं असतं.

मामाजी: ते कंपनीचे इंजिनियर पाहून घेतात.

भाची: पाहून घेतात, पण कशाच्या बळावर? एक हिशेब सांगते. 4जी मध्ये टॉवर चार अँटेनांवरून एकाच वेळी चार वेगळे प्रवाह पाठवू शकतो. प्रत्येक प्रवाहात त्या क्षणी 64 चिन्हांपैकी एक चिन्ह असतं. चारही प्रवाह धरले तर शक्यता होतात 1 कोटी 67 लाख 77 हजार 216. यातली कोणती खरी, हे एकदा ठरवून भागत नाही. 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा 1,200 बारीक वाहिन्या असतात आणि दर 71 मायक्रोसेकंदांनी प्रत्येक वाहिनीत नवी चिन्हं येतात. एकेक शक्यता तपासत बसणं फोनला जमणारंच नाही.

अनेक अँटेनांची ही कल्पना 1992 मध्ये पेटंटसाठी मांडणारे आरोग्यस्वामी पॉलराज मूळचे तामिळनाडूतल्या पोल्लाचीचे. स्टॅनफर्डला जाण्याआधी ते भारतीय नौदलात सोनारवर काम करत होते. समुद्राच्या गोंगाटातून पाणबुडीचा आवाज वेगळा काढणं हे त्यांचं काम. तोच प्रश्न त्यांनी पुढे हवेतल्या लहरींसाठी सोडवला आणि 2014 मध्ये त्यांना मार्कोनी पुरस्कार मिळाला. पण सगळ्या शक्यता न तपासता जवळजवळ बरोबर उत्तर कसं काढायचं, हा प्रश्न उरलाच. सर्जिओ व्हर्दू यांनी 1980 च्या दशकात सिद्ध केलं की अनेकांचे संकेत एकमेकांत मिसळलेले असतील, तर सर्वोत्तम उत्तर शोधणं हे गणितातल्या सर्वांत कठीण समजल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी आहे. नुसत्या जास्त वेगाच्या चिपने तो सुटत नाही. तिथे विचारच नवा लागतो.

मामाजी: सिग्नलचं मला पटलं. गरज दिसते, उपयोगही दिसतो. पण तुझं क्वांटम पदार्थांचं काम? त्याचा फोनशी काय संबंध?

भाची: त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातले दोन धातू घेऊ. तांब्यात शेकडा एक-दोन भाग मँगनीज मिसळा. मँगनीजचा प्रत्येक अणू हा एक बारीकसा चुंबक असतो. हे चुंबक एकमेकांना थेट शिवत नाहीत, पण तांब्यातून फिरणारे इलेक्ट्रॉन एकाचा परिणाम दुसऱ्यापर्यंत नेतात. हा परिणाम अंतराप्रमाणे उलटसुलट होतो. एका अंतरावरच्या जोडीला एकाच दिशेला तोंड करावंसं वाटतं, जरा दूरच्या जोडीला विरुद्ध दिशेला. आणि अणू तर वाटेल तिथे विखुरलेले.

आता तीन भाऊबंद घ्या. प्रत्येकाचं उरलेल्या दोघांशी वैर आहे आणि गावात गट दोनच आहेत. कशीही वाटणी केली तरी दोन वैरी एकाच गटात येणार. मँगनीजच्या अणूंची नेमकी हीच अडचण असते. सगळ्यांचं समाधान करणारी मांडणीच नसते. थंड करत नेलं, की सुमारे उणे 260 अंशांच्या आसपास ते वेड्यावाकड्या दिशांना तोंड करून गोठतात. याला स्पिन ग्लास म्हणतात. असे नुसते शंभर चुंबक घेतले आणि प्रत्येकाला दोनच दिशा दिल्या, तरी मांडण्या होतात एकावर तीस शून्यं इतक्या. त्यातली सर्वांत कमी ऊर्जेची कोणती, हे शोधायचं.

मामाजी: आणि एवढ्या थंडीत गोठणाऱ्या त्या तुकड्याचा कोणाला काय उपयोग?

भाची: कोणालाच नाही. त्या तुकड्याची बाजारात विकण्याजोगी वस्तू झाली नाही. तरीही 1975 मध्ये एडवर्ड्स आणि अँडरसन यांनी त्याचं गणित मांडलं. त्याच वर्षी शेरिंग्टन आणि कर्कपॅट्रिक यांनी त्याचं आणखी सोपं प्रारूप दिलं. ते प्रारूप सोपं दिसलं तरी सुटेना. 1979 मध्ये इटलीच्या जॉर्जिओ पॅरिसी यांनी त्याची किल्ली शोधली. त्या कामाचा मान म्हणून त्यांना नोबेल मिळालं 2021 मध्ये.

आता सिग्नलकडे परत या. फोनकडे आलेला प्रत्येक बिट शून्य किंवा एक असतो, जसा चुंबक वर किंवा खाली. लहरींची एकमेकांतली सरमिसळ म्हणजे चुंबकांमधलं आकर्षण आणि वैर. सर्वांत संभाव्य संदेश शोधणं आणि सर्वांत कमी ऊर्जेची मांडणी शोधणं, ही कागदावर एकाच समीकरणाची दोन रूपं आहेत. 2002 मध्ये जपानच्या तोशियुकी तनाका यांनी स्पिन ग्लासचंच गणित वापरून, अनेक फोन एकाच पट्ट्यात बोलत असताना संकेत किती अचूक ओळखता येतील, याचं उत्तर काढलं. त्याआधी 1983 मध्ये याच गणितातून सिम्युलेटेड ॲनीलिंग नावाची पद्धत निघाली होती. वाहतुकीपासून चिपच्या आखणीपर्यंत ती वापरली जाते. 1982 चं हॉपफिल्ड यांचं स्मृतीचं प्रारूपही याच कुळातलं. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मुळांपैकी ते एक आहे आणि त्याला 2024 चं नोबेल मिळालं. मिश्रण निरुपयोगी राहिलं, मामाजी. त्याच्याबद्दल विचारलेला प्रश्न मात्र एवढा फळला.

मामाजी: पण प्रत्यक्ष पदार्थ म्हणून काही हाती आलं की नाही? का सगळं कागदावरच?

भाची: आलं, तेही मँगनीजचंच. लुई नील या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात सांगितलं की काही पदार्थांत शेजारी-शेजारी अणुचुंबक एकमेकांच्या उलट रांगेत बसतात. त्यामुळे बाहेरून चुंबकत्व जाणवतच नाही. 1949 मध्ये शल आणि स्मार्ट यांनी न्यूट्रॉनच्या साहाय्याने मँगनीज ऑक्साइडमध्ये ही रचना प्रत्यक्ष दाखवली. 1970 मध्ये नोबेल घेताना खुद्द नील यांना या पदार्थांचा काही उपयोग दिसत नव्हता. पुढे संगणकाच्या हार्ड डिस्कमधली माहिती वाचणारं जे बारीक टोक असतं, त्यात इरिडियम-मँगनीजचा असाच थर वापरात आला. शेजारच्या चुंबकीय थराची दिशा तो घट्ट धरून ठेवतो. ज्याने शोधलं त्यालाही जो उपयोग दिसला नाही, तो मंजुरीच्या कागदावर आधीच लिहून द्या असं म्हणणं मला गैर वाटतं.

मामाजी: तू सांगितलेली नावं बघ. अमेरिका, फ्रान्स, इटली, जपान. आमच्याकडून जातं ते खनिज, टनाच्या भावाने. अक्कल तिकडे तयार होते. मग आपण इकडे खर्च करून काय मिळवलं?

भाची: आपल्याकडचंही सांगते. स्पिन ग्लासच्या अडचणीतून क्वांटम गुणधर्मांच्या मदतीने वाट काढता येईल, ही कल्पना 1989 मध्ये कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमधल्या विकास चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. 1998 मध्ये जपानच्या कादोवाकी आणि निशिमोरी यांनी तिची पद्धत बांधली. 2011 पासून कॅनडाच्या डी-वेव्ह कंपनीने त्या तत्त्वावर चालणारी यंत्रं विकायला काढली. 2019 मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने अशाच यंत्रावर मोबाइलचे मिसळलेले संकेत ओळखून दाखवले. अजून कोणत्याही टॉवरवर असं यंत्र बसलेलं नाही, हे मी आधीच सांगते. पण त्या साखळीची एक कडी कोलकात्यात घडली.

आणि पुण्यातली गोष्ट तर मराठी माणसाने पाठ करून ठेवावी अशी. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर यांनी सत्यप्रकाश यांच्यासोबत 1991 मध्ये एक शोधनिबंध लिहिला. गुरुत्वीय लहर आलीच, तर ती गोंगाटातून कशी ओळखायची? तिच्या अपेक्षित आकाराचे किती साचे आधी तयार ठेवायचे? त्या वेळी अशी लहर टिपणारं यंत्रच जगात नव्हतं. पुढे 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने पहिली लहर टिपली. तो संकेत सेकंदाचा पाचवा भागच टिकला. त्याने वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांत जो फरक पडला, तो प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी पट लहान होता. पहिली चाहूल वेगळ्या पद्धतीने लागली, पण हा योगायोग नव्हे असा भक्कम हिशेब साच्यांच्या पद्धतीने दिला. चोवीस वर्षं आधी लिहिलेलं गणित तयार होतं, म्हणून हाती आलेलं निसटलं नाही. आता हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहायचं आहे. त्याला अंतिम मंजुरी मिळाली तीही एप्रिल 2023 मध्येच.

मामाजी: ठीक. सिग्नल मान्य, धातूही मान्य. पण तिसऱ्या गोष्टीत मी तुला सोडणार नाही. ऑप्शन. लांजीसारख्या गावातलीही पोरं मोबाइलवर ऑप्शन खेळायला लागलीत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे जाहीर केले. तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभरातल्या 93 सामान्य लोकांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर. ज्या विद्येने घरं बसतात तिला तू संशोधन म्हणतेस?

भाची: मामाजी, ती विद्या कोणी वाचली असती तर यातले कितीतरी जण वाचले असते. 1900 मध्ये पॅरिसच्या लुई बाशेलिए याने सट्ट्याच्या गणितावर प्रबंध लिहिला. भाव पुढच्या क्षणी वर जाईल की खाली, हे सांगता येत नाही, असं धरून त्याने ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काची, किंमत काढायचा प्रयत्न केला. परागकणांच्या वेड्यावाकड्या हालचालीचं जे गणित आइनस्टाइनने 1905 मध्ये मांडलं, ते बाशेलिएने बाजारासाठी पाच वर्षं आधी मांडलं होतं. 1973 मध्ये ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी त्यातून सूत्र बनवलं. त्यातलं समीकरण थोडं फिरवलं की लोखंडाच्या सळईत उष्णता कशी पसरते, त्याचंच समीकरण मिळतं.

त्या सूत्रात पाच गोष्टी लागतात: आजचा भाव, ठरलेला भाव, मुदत, व्याजदर आणि भावाची चंचलता. भाव वर जाणार की खाली, ही सहावी गोष्ट त्यात नाहीच. नफ्याचं गुपित सूत्रात आहे असं सांगून जो कोणी शिकवणी विकतो, तो खोटं बोलतो. सिद्धांत म्हणतो की किंमत रास्त असेल तर सरासरीने फायदाही नाही आणि तोटाही नाही. त्यातून दलाली आणि कर वजा करा, म्हणजे वारंवार खेळणारा तोट्यातच जाणार. सेबीचा आकडा सिद्धांताच्या विरुद्ध जात नाही, त्याला दुजोराच देतो.

मामाजी: मग असली चीज शोधायची तरी कशाला? आमच्या बाजारातही तेजी-मंदीचे सौदे जुने आहेत. 1952 च्या वायदा कायद्याने मालाच्या ऑप्शनवर बंदी घातली, तेव्हा कायद्यात 'तेजी', 'मंदी', 'पुट', 'कॉल' अशी नावंच घातली होती. लोक होरपळले होते म्हणूनच घातली ना?

भाची: होरपळले होते, खरं आहे. पण ऑप्शन म्हणजे नुसता सट्टा नव्हे. तुम्ही दरवर्षी एक ऑप्शन हातात घेऊन फिरता. 2025-26 साठी साध्या धानाची हमी किंमत 2,369 रुपये क्विंटल आहे. बाजारात भाव 2,000 झाला, तर तुम्ही सोसायटीत धान घालता. चिन्नोरसारखा धान असेल, ज्याला बालाघाटच्या नावाने 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बाजार जास्त देत असेल, तर तुम्ही बाजारात विकता. ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क तुमचा, सक्ती नाही. यालाच पुट ऑप्शन म्हणतात. सरकार तो तुम्हाला फुकट देतं. त्याची खरी किंमत किती, तिजोरीवर त्याचा भार किती, पाऊस चुकला तर तो किती वाढेल, हे काढायचं तर गणित तेच लागतं.

मामाजी: आता माझं ऐक. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत फरक आहे. खरेदी उशिरा सुरू होते. बारदाना संपतो. पोर्टलवर स्लॉट मिळत नाही, ओटीपी येत नाही कारण सिग्नल नाही. मुलीचं लग्न तोंडावर असेल तर शेतकरी थांबत नाही, व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देऊन मोकळा होतो. मी स्वतः व्यापारी आहे, मला दोन्ही बाजू ठाऊक आहेत. तुझ्या सूत्रात हे कुठे बसतं?

भाची: मूळ सूत्रात बसत नाही. त्यात धरलेलं असतं की हक्क ठरलेल्या दिवशी विनाअडथळा बजावता येतो, पैसा लगेच मिळतो आणि बाजार अखंड चालू असतो. तुमचा हक्क अडलेला आहे, म्हणून त्याची किंमत कमी आहे. किती कमी, हे मोजता येतं, आणि ते कोणीतरी मोजायला हवं. मोजायला साधनंही अपुरी आहेत. डिसेंबर 2021 मध्ये सेबीने धानासह सात शेतमालांचे वायदे थांबवले. वायदा नसेल तर पुढच्या भावाचा बाजाराला काय अंदाज आहे, हे कळण्याची एक वाटच बंद होते.

मामाजी: आणखी एक. तुझं गणित म्हणतं की भाव थोडा-थोडा हलतो. पण बाजार कोसळतो तेव्हा एका दिवसात कोसळतो. 4 जून 2024 ला, मतमोजणीच्या दिवशी, निफ्टी जवळपास सहा टक्के खाली आला होता.

भाची: बरोबर बोललात. त्याहून मोठा दाखला 19 ऑक्टोबर 1987 चा आहे. अमेरिकेचा डाऊ एका दिवसात 22.6 टक्के पडला. जुन्या प्रारूपाप्रमाणे असा दिवस विश्वाच्या वयातही यायला नको होता. शोल्स आणि मर्टन यांना 1997 मध्ये नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी, ज्या फंडात ते दोघे भागीदार होते तो बुडायला आला आणि बँकांना मिळून 3.6 अब्ज डॉलर ओतावे लागले. पण ही चूक दाखवली कोणी? त्यात मोठा वाटा सिद्धांतवाल्यांचाच होता. स्पिन ग्लाससारख्या विस्कळीत पदार्थांवर काम केलेले जाँ-फिलिप बुशो यांनी मोठ्या उड्यांचं गणित बाजारात आणलं. 1999 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की शेअरच्या भावांत जे परस्परसंबंध दिसतात, त्यांतले बहुतेक निव्वळ गोंगाट असतात. त्यासाठी वापरलेलं यादृच्छिक सारण्यांचं शास्त्र त्याच वर्षी एम्रे तेलातार यांनी अनेक अँटेनांची क्षमता मोजायला वापरलं.

त्या शास्त्राचं मूळ तुम्हाला आवडेल. 1928 मध्ये जॉन विशार्ट यांनी त्याचा पाया घातला, तेव्हा ते इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होते. पिकांच्या प्रयोगांतून निघालेली संख्याशास्त्राची ती परंपरा पुढे अणुकेंद्रात गेली, मोबाइलमध्ये आली, बाजारात आली. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच: या आकड्यांत खरी गोष्ट किती आणि खरखर किती?

मामाजी: तुझा प्रश्न खरा आहे, हे मी मान्य करतो. पण वेळेचं काय? 1975 चं गणित 2002 मध्ये फोनच्या कामी आलं. शेतकऱ्याच्या आयुष्यात सत्तावीस वर्षं म्हणजे अर्धी हयात.

भाची: म्हणूनच तर तिथे सार्वजनिक पैसा लागतो. सत्तावीस वर्षं कोणतीही कंपनी थांबत नाही, समाज थांबू शकतो. आणि यात सिद्धांत सर्वांत स्वस्त. प्रयोगशाळेला कोट्यवधी लागतात. सिद्धांताला लागतो शिक्षक, ग्रंथालय, इंटरनेट आणि मोकळा वेळ. राजस्थानातल्या सांभरसारख्या लहान गावचे जैनेंद्र जैन घ्या. लहानपणी अपघातात पाय गमावला, जयपूर फूट लावून शिकले. 1989 मध्ये त्यांनी संयुक्त फर्मिऑनचा सिद्धांत मांडला. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन जे चमत्कारिक वागतात, त्याचं कोडं त्याने उलगडलं. 2025 चा वोल्फ पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्याच पुण्याच्या आयसरमध्ये काम केलेले दीपक धर उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढचे. सांख्यिकी भौतिकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा बोल्ट्झमन सन्मान 2022 मध्ये मिळवणारे ते पहिले भारतीय. लांजीच्या मुलीला घरी बसून अणुभट्टी उभारता येणार नाही. स्पिन ग्लासचं समीकरण मात्र सोडवता येईल.

मामाजी: येईल, पण तिला ते शिकवणारा हवा ना? इथेच माझी खरी तक्रार आहे. क्वांटम मिशनचा पैसा बेंगळुरू, चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या संस्थांना जातो. जाऊ दे. पण त्या पैशातला काही भाग तालुक्याच्या कॉलेजात गणिताचा आणि संख्याशास्त्राचा पूर्णवेळ शिक्षक नेमायला लागला पाहिजे. आणि तुम्ही लोकांनी काय धरून चाललात, तुमचं गणित कुठे तुटतं, हे आमच्या भाषेत सांगितलं पाहिजे. एवढं केलंत तर तुमच्या समीकरणांना माझा विरोध नाही.

भाची: दोन्ही अटी मला मान्य आहेत, मामाजी. दुसरी तर आम्ही आधीच पाळायला हवी होती.

या वादात माझा कौल भाचीच्या बाजूने आहे, पण मामाजींच्या दोन अटींसकट. सैद्धांतिक संशोधनाला उपयोगाची हमी मागून पैसा दिला, तर तांब्यातल्या मँगनीजचा प्रश्न कोणी विचारलाच नसता आणि धुरंधरांचे साचे 2015 च्या लहरीला तयार मिळाले नसते. तो पैसा द्यायला हवा आणि धीराने द्यायला हवा. पण सिद्धांत करणाऱ्यावरही त्याने जबाबदारी येते. आपल्या गृहीतकांची यादी त्याने उघड ठेवावी. ब्लॅक-शोल्सच्या सूत्राने नुकसान झालं ते त्याच्या मर्यादा विसरल्या गेल्या तिथे. तोट्यात गेलेल्या लाखो तरुणांना सूत्रात दिशा नसते हे एकच वाक्य वेळेवर मराठीत, हिंदीत कळलं असतं, तर त्यांतल्या काहींचे पैसे तरी वाचले असते.

म्हणून तीन आग्रह. संशोधकांनी वर्षातून एक तरी लेख किंवा व्याख्यान स्वतःच्या मातृभाषेत द्यावं आणि त्यात काय माहीत नाही तेही सांगावं. शासनाने क्वांटमसारख्या मोठ्या योजनांचा ठरावीक हिस्सा तालुक्याच्या कॉलेजांतल्या गणित आणि संख्याशास्त्राच्या पदांसाठी राखून ठेवावा आणि ती पदं भरावीत. पालकांनीही गणितात रमणाऱ्या मुला-मुलीला "याचा उपयोग काय?" असं विचारून थांबवू नये. मलाजखंडचं तांबं आणि भरवेलीचं मँगनीज एक ना एक दिवस संपेल. त्या दोन धातूंनी विचारलेल्या प्रश्नावर काम करणारी माणसं या जिल्ह्यात तयार झाली, तर ती संपत्ती खाणीबरोबर संपणार नाही.